पंगतीतले शेवटचे पान

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



 चिटणीसबाई निमंत्रण घेऊन घरी आल्या, तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘‘अहो, मी ना लेखिका, ना डॉक्टर, ना समाजकार्य करणारी. मी बोलू तरी काय?’’ त्यावर त्या म्हणाल्या, ‘‘तुम्ही चौतीस वर्षे नोकरी केलीत, पण ती नेमकी कसली हे आम्हां कोणालाच ठाऊक नाही. तेवढे सांगितलेत तरी पुरे.’’ हे ऐकून मला हसूच आले. कारण माझ्या आईलाही ते अखेरपर्यंत नीटसे ठाऊक नव्हते. सावेडीतल्या शेजारणींनी विचारले, की ती सांगे, ‘‘आमची मुलगी पुण्याला कॉम्प्युटरमध्ये असते.’’ जणू काही मी त्या पेटीतच बिऱ्हाड केले होते!

तेव्हा आज ते सांगते. माझ्या हुद्द्याचे नाव होते ‘परफॉर्मन्स इंजिनीअर’. नाव भारदस्त आहे, पण काम सोपे करून सांगता येईल. प्रोग्रॅम लिहिणारे दुसरे असतात. तो बरोबर चालतो की नाही हे पाहणारेही दुसरे असतात. मी पाहत असे तो वेळ. बटण दाबल्यापासून उत्तर येईपर्यंत माणसाला किती थांबावे लागते? एका माणसाऐवजी एक लाख माणसे एकदम आली तर किती थांबावे लागेल? आणि ते थांबणे कमी कसे करता येईल? थोडक्यात म्हणजे, दुसऱ्याने वाट पाहू नये म्हणून मी पगार घेत होते. आपण बायका हे काम घरोघर बिनपगारी करीतच असतो, म्हणून आपल्याला माझा धंदा परका वाटू नये.

मी पर्समधून ही फीत आणली आहे. ती आहे सुमारे तीस सेंटिमीटर, म्हणजे एका फुटाला किंचित कमी. अमेरिकेच्या नौदलात ग्रेस हॉपर नावाच्या एक बाई होत्या. संगणकशास्त्राच्या अगदी पहिल्या पिढीतल्या, आणि पुढे रिअर ॲडमिरलच्या पदाला पोचलेल्या. त्या व्याख्यानाला जाताना एवढ्याच लांबीच्या तारांचे तुकडे नेत आणि श्रोत्यांना वाटीत. सेकंदाचे शंभर कोटी भाग केले, तर त्यातल्या एका भागात वीज जास्तीत जास्त एवढेच अंतर जाऊ शकते. मोठमोठ्या अधिकाऱ्यांना वेळ डोळ्यांना दिसावा, म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. ही फीत आपण हातोहात फिरवा. यंत्राचा वेळ केवढा लहान असतो हे त्यावरून कळेल, आणि मग एवढ्या चपळ यंत्रापुढे आपण तास तास का बसतो, हा प्रश्नही आपोआप पडेल.

१९८८ साली मी पुण्यात नोकरीला लागले. त्या वेळी एका बँकेचे काम आमच्याकडे होते. दिवसभराचे व्यवहार रात्री एकत्र करून, व्याजाची आकारणी करून, सकाळी दहाला शाखा उघडण्यापूर्वी ते संपवावयाचे असत. ते संपत नसे. खिडकीपुढे लोक उभे आणि आत यंत्र अजून कालचाच हिशेब करीत बसलेले, असे रोज होऊ लागले. मोठे यंत्र घ्यावे, असे सर्वांचे मत पडले. मी नवखी होते. मला सांगितले, ‘‘तू बस आणि पाहा.’’ मी पाहत बसले. प्रोग्रॅम प्रत्येक खात्यासाठी व्याजाचा दर डिस्कवरून नव्याने आणीत होता. एका फेरीला सेकंदाचा पन्नासावा भाग लागे. आता हे काही फार नाही, असे आपल्याला वाटेल. पण खाती होती तीन लाख! सहा हजार सेकंद, म्हणजे एक तास चाळीस मिनिटे, केवळ येरझाऱ्यांत जात होती. आणि दरांचा तो तक्ता होता अवघा बारा ओळींचा. फोडणी करताना मोहरीसाठी एकदा, हिंगासाठी एकदा आणि हळदीसाठी एकदा कापड बाजारापर्यंत जाऊन यावे, तसा तो प्रकार होता. तक्ता एकदाच आणून यंत्राच्या स्मरणात ठेवला, म्हणजे मिसळणाचा डबा हाताशी घेतला, आणि काम वेळेत होऊ लागले. नवे यंत्र काही घ्यावे लागले नाही.

या यशाने मी थोडी फुगले, आणि लगेच तोंडावर पडले. पुढच्या एका कामात सुस्ती कोठे आहे हे मला पाहताक्षणी ‘समजले’. तीन आठवडे खपून मी तो भाग दहापट चपळ केला. मोजले तर एकंदर वेळात फरक जवळजवळ शून्य! कारण शंभर मिनिटांपैकी त्या भागाला मुळी पाचच मिनिटे लागत होती. ती साफ नाहीशी केली असती, तरी पंचाण्णव उरलीच असती. जीन ॲमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ साली हाच मुद्दा गणिताने मांडून ठेवला होता. मी तो परीक्षेसाठी पाठही केला होता! पण खरे पाहता त्यासाठी ॲमडालही नको. चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या करताना दुसरा तवा कोण मागते? जिने लाटणारीकडे पाहिलेले नाही ती. लाटणारी एकटी असेल, तर दुसरा तवा नुसता तापत बसतो. त्या दिवसापासून मी नेम केला, की आधी मोजावयाचे आणि मग हात लावावयाचा. चौतीस वर्षांत माझे अंदाज किती वेळा चुकले ते मी सांगत नाही. मोजमाप मात्र क्वचितच चुकले.

रांगेची गोष्ट मी पुस्तकाआधी आपल्या जिल्ह्यातच शिकले होते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गळीत झाले, हे आपण सर्व जाणता. पुढे जिल्ह्यात असे कारखाने ठिकठिकाणी झाले. त्यांतल्याच एका कारखान्यात माझे वडील वजनकाट्यावर कारकून होते. हंगामात मी त्यांचा डबा घेऊन जात असे. उसाने भरलेल्या बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर दूरवर गेलेली असे. पाथर्डीकडचे, बीडकडचे तोडणी कामगार गाडीच्या सावलीत पोरेबाळे घेऊन बसलेले. गाडी थांबली की ऊस वाळतो, उसाचे वजन घटते, बैल उपाशी राहतात आणि दुसरी खेप होत नाही. म्हणजे थांबण्याची किंमत कोणीतरी भरतच असते, आणि ती बहुधा सर्वांत गरीब माणूस भरतो.

एका वर्षी रांग कमी व्हावी म्हणून तेथे दुसरा काटा बसविला. काट्यापुढची रांग खरोखरच संपली. आणि तीच रांग दुसऱ्या दिवशी गव्हाणीपुढे जाऊन उभी राहिली! गव्हाण जेवढा ऊस गिळेल तेवढ्याच गाड्या मोकळ्या होणार. वडील घरी येऊन म्हणाले, ‘‘रांग मोडली नाही, नुसती जागा बदलली.’’ हे वाक्य मी पुढे मोठमोठ्या बैठकांत इंग्रजीतून सांगितले आणि शहाणी ठरले. श्रेय मात्र वडिलांचे आहे.

या रांगांचे एक शास्त्र आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचे एक गणिती होते. टेलिफोनची किती कनेक्शने ठेवली म्हणजे गिऱ्हाइकाला फार ताटकळावे लागणार नाही, या व्यवहारी प्रश्नातून त्यांनी १९०९ साली त्याचा पहिला निबंध लिहिला. त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण ती मनाला पटत नाही आणि तरीही खरी आहे. समजा, एका खिडकीवर एका माणसाचे काम सरासरी एका मिनिटात होते, आणि माणसे वेळ ठरवून न येता हवी तेव्हा येतात. खिडकी निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याचे रांगेसकट सरासरी दोन मिनिटांत काम होते. ती शंभरातली नव्वद मिनिटे कामात असेल, तर दहा मिनिटे लागतात. पंचाण्णव मिनिटे असेल, तर वीस! काम फक्त पाच टक्क्यांनी वाढले आणि थांबणे मात्र दुप्पट झाले. म्हणून ‘यंत्र अजून पाच टक्के रिकामे आहे, घाला आणखी काम’ असे कोणी म्हटले, की माझ्या पोटात गोळा येई. घरातल्या बाईचेही असेच आहे. तिचा सगळा दिवस भरलेला असला, की एक पाहुणा वाढल्याने सारे घर कोलमडते. दोष पाहुण्याचाही नसतो आणि तिचाही नसतो. जरा मोकळी जागा शिल्लक ठेवणे म्हणजे आळस नव्हे, हे आपण आपल्या सुनांना आणि लेकींनाही सांगावे.

आता जी गोष्ट सांगावयाची आहे, ती सांगताना मला आजही संकोच वाटतो. पण ती सांगितल्याशिवाय हे भाषण म्हणजे नुसती आत्मस्तुती होईल.

२००९ सालची गोष्ट. एका संस्थेच्या प्रवेशाचे अर्ज प्रथमच संगणकावरून भरावयाचे होते. ती व्यवस्था किती भार सोसेल हे तपासण्याचे काम माझ्याकडे आले. पुण्यातल्या आमच्या कचेरीत बसून मी ते तपासले. अर्जाचे पान उघडण्यास सरासरी तीन सेकंद लागत होते. अहवालावर मी समाधानाने सही केली. एक सूचनाही मी केली होती. एखाद्याचे काम साठ सेकंदांत पुरे झाले नाही तर त्याचा संबंध तोडून टाकावा, म्हणजे अडकून पडलेल्यांमुळे इतरांचा खोळंबा होणार नाही. सूचना शास्त्राला धरून होती. सर्वांनी ती मान्य केली.

दिवाळीत मी नगरला आले. आईकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई जरा उतरलेल्या दिसल्या. विचारले, तेव्हा कळले, की त्यांच्या मुलीचा अर्ज राहून गेला होता आणि तिचे वर्ष फुकट गेले होते. तो अर्ज म्हणजे तोच, मी सही केलेला! शेवटच्या दिवशी रात्री आठपासून बारापर्यंत ती मुलगी तासाला पैसे मोजून सायबर कॅफेत बसली होती. सारी माहिती भरावयाची, शेवटी फोटो जोडावयाचा, आणि फोटो चढत असताना मध्येच पाटी कोरी व्हावयाची. पुन्हा पहिल्यापासून. असे सात वेळा झाले. बाई मला म्हणाल्या, ‘‘तिच्याकडूनच काहीतरी चुकलं असणार हो ताई. आम्हाला कुठं येतंय त्या कॉम्प्युटरातलं!’’

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. काय झाले असेल ते मला तत्काळ समजले होते. सायबर कॅफेच्या त्या मंद लाइनीवर फोटो चढावयास साठ सेकंदांहून अधिक वेळ लागत होता. साठाव्या सेकंदाला माझी सूचना तिला बाहेर काढीत होती. अर्ज तिला येत नव्हता असे नाही. तिला दार लावून घेणारी मी होते.

मग ती सरासरी तीन सेकंद कोठून आली? त्याचे गणित सोपे आहे. शंभर माणसांपैकी पंचाण्णवांचे काम एका सेकंदात झाले आणि पाचजणांना चाळीस सेकंद लागले, तरी सरासरी तीन सेकंदांच्या आतच राहते. पाचजणांचे हाल त्या आकड्याच्या पोटात दडून जातात. आणि याहूनही वाईट असे, की आमच्या मोजणीत फक्त काम पुरे झालेली माणसे होती. जिची पाटी सात वेळा कोरी झाली, ती मुलगी त्या सरासरीत एकदाही आली नव्हती! पंगत कशी झाली हे जेवून उठलेल्यांना विचारावे, आणि पानावर बसून काहीच न वाढले गेल्यामुळे जे उठून गेले त्यांना वगळावे, तसे ते होते. कोणीही म्हणेल, पंगत उत्तम झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना आणि मुलीला सांगितले, की चूक तुमची नव्हती, ती माझी होती. मुलगी काही बोलली नाही. जरा वेळाने तिने एवढेच विचारले, ‘‘मग पुढच्या वर्षी तसं होणार नाही ना?’’ रागावली असती तर बरे झाले असते.

पुण्याला परत गेल्यावर मी वरिष्ठांपुढे सारे मांडले. पुढच्या वर्षीच्या अर्जात आम्ही तीन गोष्टी केल्या. भरलेली माहिती पानापानाला जतन होऊ लागली, म्हणजे लाइन तुटली तरी पहिल्यापासून आरंभ नको. फोटो पाठविण्यापूर्वी जागच्या जागी लहान होऊ लागला. आणि अर्ध्यावरून उठून गेलेल्यांची वेगळी मोजदाद सुरू झाली. त्या मुलीने त्या वर्षी अर्ज भरला आणि तिला प्रवेशही मिळाला. पण गेलेले वर्ष मला परत देता आले नाही.

तेव्हापासून निवृत्तीपर्यंत माझ्या अहवालात सरासरीचा आकडा शेवटी आणि बारीक अक्षरांत असे. शंभरांतल्या नव्व्याण्णवाव्या माणसाला किती थांबावे लागले, हा आकडा पहिला असे. कोणतीही व्यवस्था तपासावयाची, तर मी पुण्याच्या कचेरीतून उठून एखाद्या खेड्यात, जुना फोन घेऊन, सिग्नल जेथे कसाबसा येतो अशा जागी जाऊन बसे. माझे सहकारी थट्टा करीत, की बाई माहेरच्या ओढीने नगर जिल्ह्यातच तपासणी ठेवतात. तेही काही अगदीच खोटे नव्हते!

हे सारे आजच सांगण्याचे कारण आहे. आता रांग खिडकीपुढे दिसत नाही. ती हातातल्या फोनच्या आत गेली आहे. २०२१ च्या २८ एप्रिलला दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविन वर लसीची नोंदणी खुली झाली, आणि त्या एकाच दिवसात सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदविली. यूपीआय ची व्यवस्था २०१६ साली सुरू झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावरून महिन्याला दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. भागाकार करून पाहिला, तर रात्रंदिवस दर सेकंदाला सरासरी सात हजारांच्या वर व्यवहार होतात. चितळे रोडवर जुडी घेऊन बसलेल्या भाजीवालीपुढचा तो चौकोनी कागद या एवढ्या प्रचंड यंत्रणेचे शेवटचे टोक आहे. हे चालते, याचा मला धंद्याने अभिमान वाटतो. यामागे शेकडो अज्ञात माणसांची जागरणे आहेत, आणि त्यांत पुष्कळ बायका आहेत. रात्री दोन वाजता फोन यावा, एका हाताने मुलाला थोपटीत दुसऱ्या हाताने यंत्राचे दुखणे शोधावे, असे दिवस मीही काढले आहेत. घरच्यांनी सांभाळून घेतले, म्हणून निभावले.

परंतु आकडा कितीही मोठा झाला, तरी सरासरीची ती जुनी खोड जात नाही. सात हजारांतल्या एकीचे पैसे मध्येच अडकतात, तेव्हा ती एकटी असते. ती फोन घेऊन माझ्याकडे येते आणि पहिले वाक्य तेच असते: ‘‘माझ्याच हातून काही चुकलं का हो?’’ निवृत्त होऊन मी नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, परत आल्यापासून हे वाक्य किती वेळा ऐकले, याची गणती नाही. पुरुष बहुधा म्हणतात, ‘‘यंत्र बिघडले.’’ आपण म्हणतो, ‘‘मी चुकले.’’

म्हणून माझ्या चार विनंत्या आहेत. पैसे पाठविताना चाक फिरत राहिले, तर लगेच दुसऱ्यांदा पाठवू नका. आधीचा व्यवहार झाला की अडकला ते व्यवहारांच्या यादीत पाहा, आणि त्याचा क्रमांक टिपून ठेवा. अर्ज शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, कारण त्या रात्री सर्वांचीच गर्दी असते आणि नव्वदाचे पंचाण्णव झाले की काय होते, ते आपण आत्ताच पाहिले. कोणी मदतीच्या मिषाने फोनवर आलेला गुप्त आकडा मागितला, तर देऊ नका. आणि चौथी व सर्वांत महत्त्वाची विनंती ही, की अर्ज अडला तर गप्प घरी जाऊ नका. तारीख, वेळ आणि पडद्यावर आलेली अक्षरे लिहून घ्या आणि तक्रार करा. जी उठून निघून जाते ती कोणाच्याच मोजणीत येत नाही, हे मी स्वतः मोजणारी होते म्हणून सांगते.

मंडळाची परवानगी असेल तर दर बुधवारी दुपारी तीन ते पाच मी याच दालनात एक टेबल टाकून बसेन. अर्ज, नोंदणी, अडकलेले पैसे, जे असेल ते घेऊन या. एक वही ठेवू. काय अडले आणि किती वेळ अडले, ते तीत लिहू, आणि वर्षाअखेर ती वही ज्यांना दाखवावयाची त्यांना नेऊन दाखवू. पंगतीत तूप वाढणारीने पहिल्या पानापासून सुरुवात करावी, याला हरकत नाही. पण तिची नजर शेवटच्या पानावर असावी, एवढे मी चौतीस वर्षांत शिकले.

 बाहेर चहा तयार आहे असे मला केव्हाच खुणेने सांगण्यात आले आहे, आणि आपल्याला वाट पाहावयास लावणे हे माझ्या धंद्याला शोभणारे नाही.